बिनफिल्टरचं आयनायझर दम्याच्या माणसाच्या खोलीत ठेवावं का? (भिंत काळी पडली आहे)

मुग्धा_ठाणे | १२ जानेवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, दमा जुना आहे. गणपतीनंतर शेजारच्या सोसायटीचं पाडकाम सुरू झालं आणि आमच्या खिडक्या बंद झाल्या त्या झाल्याच. उघडल्या की तासाभरात कपाटावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. म्हणून दिवाळीत नवऱ्याने ऑनलाइन एक छोटं आयनायझर (हवेत आयन सोडून ती साफ करतं म्हणणारं यंत्र) मागवलं. 'फिल्टर नाही, त्यामुळे फिल्टर बदलायचा खर्च नाही, आवाज नाही' असं खोक्यावर लिहिलं होतं. खरंच आवाज नाही, कारण आत पंखाच नाही. जाळीतून पाहिलं तर दोन काळे ब्रश दिसतात, दात घासायच्या ब्रशपेक्षाही लहान. बाकी डबा रिकामा.

दोन गोष्टींनी मला अस्वस्थ केलंय. एक म्हणजे यंत्रामागची भिंत. आम्ही दोन वर्षांपूर्वीच पांढरा रंग दिला होता, तिथे आता करडा पंखा उमटल्यासारखा डाग आहे. दुसरं म्हणजे वास. सकाळी खोलीचं दार उघडलं की जुन्या झेरॉक्सच्या दुकानात यायचा तसा वास येतो. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले, तो ताज्या हवेचा वास आहे.

सासूबाईंचा रात्रीचा खोकला वाढलाय. थंडीमुळे असेल, धुळीमुळे असेल, मला माहीत नाही. पण त्या रात्रभर दार लावून त्या यंत्राशेजारी झोपतात. कोणी वापरलंय का? चालू ठेवू की बंद करू?

अनघा_डोंबिवली | १२ जानेवारी, रात्री १०:१५

आमच्याकडे अगदी हाच डाग! रंगारी म्हणाला ओल आहे, वरच्या मजल्यावरच्यांना बोलावून त्यांचं बाथरूम तपासून झालं. ओल नव्हती. यंत्र हलवलं तर डागही मागोमाग नव्या जागी गेला.

सखाराम_पेठ | १२ जानेवारी, रात्री १०:२२

वरच्या मजल्यावरच्यांची माफी मागितलीत ना अनघाताई? :)

अनघा_डोंबिवली | १२ जानेवारी, रात्री १०:३१

चकल्या नेऊन दिल्या. आता संबंध पूर्वीपेक्षा चांगले आहेत.

कोराडीकर | १२ जानेवारी, रात्री ११:४०

मुग्धाताई, माझी नोकरी औष्णिक वीज केंद्रात गेली, त्यातली बरीच वर्षं राख पकडणाऱ्या ईएसपी या विजेवरच्या यंत्रणेवर. तुमच्या भिंतीवर काय झालंय ते पाहताक्षणी ओळखता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोळसा जळला की धुरात बारीक राख उडते. ती चिमणीतून बाहेर जाऊ नये म्हणून धूर एका मोठ्या खोलीतून नेतात. त्या खोलीत मधोमध तारा किंवा काटेरी सळ्या असतात, त्यांना हजारो व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो. टोकाशी हवा फुटते, आयन म्हणजे विद्युत भार असलेले कण तयार होतात, ते राखेच्या कणांना चिकटतात, आणि भारित झालेले कण बाजूच्या लोखंडी पत्र्यांकडे ओढले जाऊन त्यांच्यावर बसतात. ठरावीक वेळाने हातोडे त्या पत्र्यांवर आपटतात, राख खालच्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या टाकीत, पडते आणि पुढे सिमेंटला, विटांना जाते. अमेरिकेत कॉट्रेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९०७ च्या सुमारास हे बसवलं, आजही तत्त्व तेच आहे.

आता तुमचं यंत्र. ते काळे ब्रश म्हणजे आमची काटेरी सळी. आयन सोडायचं काम ते करतं. पण पत्रा कुठे आहे? हातोडा कुठे आहे? हॉपर कुठे आहे? पत्रा म्हणजे तुमची भिंत, उशीचा अभ्रा, पडदा आणि सासूबाईंची चादर. धूळ घराबाहेर गेलेली नाही, हवेतून उतरून या सगळ्यावर बसली आहे. उशी झटकली, पडदा ओढला, कोणी झाडू मारला की तीच धूळ पुन्हा नाकाशी येणार.

शिवाय भारित कण श्वासाबरोबर आत गेला तर श्वासनलिकेच्या ओल्या भिंतीला चिकटण्याची शक्यता साध्या कणापेक्षा जास्त असते. हे माझं मत नाही, प्रयोगशाळांमध्ये पाहिलेली गोष्ट आहे.

वासाबद्दल रसायनवाले सांगतील. तो ओझोन आहे एवढं नक्की. जुन्या झेरॉक्स मशिनमध्येही अशीच उच्च दाबाची तार असायची, म्हणून तुम्हाला तो वास ओळखीचा वाटला.

सातपुडा | १३ जानेवारी, सकाळी ७:०५

इथे सगळे एकाच बाजूने बोलतील असं दिसतंय, म्हणून लिहितो. मी ८ वर्षं आयनायझर वापरतोय. जळगावात, बेडरूममध्ये. झोप चांगली लागते. धुळीचा मीटर विकत घेऊन मोजलंय, यंत्र चालू केलं की अर्ध्या तासात आकडा खाली येतो. बंद केलं की चढतो. मग काम करत नाही असं कसं म्हणायचं?

कोराडीकर | १३ जानेवारी, सकाळी ८:३०

काम करत नाही असं मी म्हटलेलं नाही, दादा. तुमचा मीटर हवेतले कण मोजतो, आणि ते खरोखर कमी होतात, विशेषतः लहान बंद खोलीत. ते गेले कुठे हे मीटर सांगत नाही. एकदा भिंतीवरून ओलं पांढरं फडकं फिरवून बघा. आणि तो मीटर ओझोन मोजत नाही. हजार-दोन हजारांत मिळणाऱ्या मीटरवर कणांचा अंदाज येतो, ओझोनसाठी लागणारं उपकरण वेगळं आणि महाग असतं.

रसायन_मास्तर | १३ जानेवारी, दुपारी १:१०

सांगलीहून. ३१ वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं, त्यामुळे ओझोनवर बोलायला लावलंत तर थांबवणं तुमच्या हातात.

आपण घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनमध्ये तीन. तिसरा अणू सैल असतो, समोर जे येईल त्याला जाऊन चिकटतो. जंतूला चिकटला तर जंतू मरतो, रबराला चिकटला तर रबर तडकतं, फुप्फुसाच्या अस्तराला चिकटला तर तिथे दाह होतो. विक्रेते फक्त पहिलं वाक्य सांगतात. १८४० च्या सुमारास शोनबाइन या शास्त्रज्ञाने या वायूला नाव दिलं तेही वासावरूनच. ग्रीकमध्ये 'ओझाइन' म्हणजे वास येणे.

नाकाला ओझोन फार थोड्या प्रमाणात कळतो, अब्ज भागांत १०-२० भाग असले तरी. पण नाक लगेच सरावतं. म्हणून मुग्धाताईंना सकाळी दार उघडताना वास आला आणि आत रात्रभर झोपलेल्या आजींना आला नसेल. खोलीत बाहेरून येणाऱ्या माणसाचं नाक इथे जास्त खरं.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते सांगतो. लिंबाच्या वासाचं लादी पुसायचं लिक्विड, संत्र्याच्या सालीच्या वासाचे स्प्रे, पाइनचं फिनेल यांच्यात लिमोनीन, पायनीन अशी द्रव्यं असतात. ओझोन त्यांच्यावर झडप घालतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू तयार होतो, शिवाय इतके सूक्ष्म कण तयार होतात की ते फुप्फुसात खोलवर जातात. म्हणजे लादी पुसून, खिडक्या लावून, आयनायझर चालू करून 'आता घर स्वच्छ झालं' असं म्हणताना आपण हवेत नवीन घाण शिजवत असतो. मुग्धाताई, सासूबाईंच्या खोलीची लादी कशाने पुसता?

पिंपळपान | १३ जानेवारी, दुपारी ३:४५

मास्तर, एक शंका. तुळस दिवसात काही तास ओझोन सोडते, म्हणून अंगणात तुळस असावी असं सगळीकडे फिरत असतं. मग ओझोन वाईट कसा? आणि ओझोनचा थर वाचवा म्हणून आपण शाळेत प्रभातफेऱ्या काढल्या ना?

रसायन_मास्तर | १३ जानेवारी, संध्या. ६:२०

चांगली शंका आहे, वर्गात दरवर्षी यायची.

तुळस ओझोन सोडत नाही, कुठलंच झाड सोडत नाही. तुळशीच्या पानांत सुगंधी तेलं असतात, आणि ती उलट ओझोन खर्च करतात. तुळस अंगणात असावी याची माझ्याकडे दुसरी पुष्कळ कारणं आहेत, त्यासाठी ओझोनची गरज नाही.

ओझोनचा थर जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटरवर आहे. तिथे तो सूर्याचे अतिनील किरण अडवतो. तो वर असतो म्हणून आपण जगतो. तोच वायू नाकाशी आला की त्रास. आग चुलीत असावी, अंथरुणात नको, तसंच.

गौरी_दत्त | १३ जानेवारी, संध्या. ६:४१

कापूर जाळला तर? आमच्याकडे रोज आरतीला लागतो आणि हॉलच्या एसीला आयनचं बटण आहे. भीतीच वाटायला लागली.

रसायन_मास्तर | १३ जानेवारी, संध्या. ७:००

कापराच्या रेणूत ओझोनला पकडायला हवा तो दुहेरी बंध नाही, त्यामुळे ती अभिक्रिया जवळजवळ होत नाही. पण कापूर जळताना काजळी धरते, ती फुप्फुसात जाते. आरतीपुरती खिडकी उघडा आणि एसीचं ते बटण बंद ठेवा. आरती चालू द्या.

श्वासाचा_डॉक्टर | १३ जानेवारी, रात्री १०:०५

मुग्धाताई, मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. सासूबाईंना तपासलेलं नाही, म्हणून औषधांबद्दल इथे काही सांगणार नाही. एवढंच सांगतो: यंत्र आज रात्रीच बंद करा. आठवडाभर बघू, विचार करू, असं नको.

ओझोनमुळे श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला दाह होतो, नलिका आकसतात, खोकला येतो, छातीत घट्ट वाटतं. निरोगी तरुणाला हे कळणारही नाही. दम्याच्या रुग्णाची नलिका आधीच चिडलेली असते. माझ्या ओपीडीत 'नवीन यंत्र घेतलं आणि तरीही बरं वाटत नाही' असं सांगणारे आता नियमित येतात. इन्हेलर वाढवण्याआधी मी यंत्राचा फोटो मागतो.

दम्यासाठी आयनायझरचा फायदा होतो का हे तपासून झालं आहे. कोक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्या एकत्र करून पाहिल्या. फुप्फुसाच्या कार्यात किंवा लक्षणांत फरक पडल्याचा पुरावा मिळाला नाही. १९९३ साली ब्रिटनमध्ये दमा असलेल्या २० मुलांवर एक चाचणी झाली होती. ती मला विशेष लक्षात राहिली आहे, कारण तिथे आयनायझरने हवेतली धूळकिड्यांची ॲलर्जी देणारी द्रव्यं खरोखर कमी केली होती. तरी मुलांचा दमा सुधारला नाही, आणि रात्रीच्या खोकल्याचा कल वाढण्याकडे दिसला. तुमच्या पहिल्या पोस्टमधलं रात्रीच्या खोकल्याचं वाक्य वाचून मला तीच चाचणी आठवली.

आणि कोणीही यंत्राच्या भरवशावर इन्हेलर कमी करू नका. हे कळकळीने सांगतोय.

मुग्धा_ठाणे | १३ जानेवारी, रात्री १०:४०

यंत्राची पिन काढली. मास्तर, लादी लिंबाच्या लिक्विडनेच पुसतो, आणि रोज त्याच खोलीत. आज वाचून पोटात खड्डा पडला.

सॅन_होजेकर | १४ जानेवारी, सकाळी ९:१५

आमच्याकडे आत्ता रात्र आहे, पण हा धागा वाचून झोपणं शक्य नाही.

कॅलिफोर्नियात हा विषय आधीच होऊन गेलाय. २००० नंतरच्या काही वर्षांत शार्पर इमेज कंपनीचं आयनिक ब्रीझ नावाचं उभं यंत्र घराघरांत होतं. आवाज नाही, फिल्टर नाही, धुवून पुसून परत लावायचे पत्रे. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाने ते तपासलं आणि हवा साफ करण्यात ते फारच कमजोर आहे असं छापलं. कंपनीने २००३ मध्ये मासिकावर खटला भरला, २००४ मध्ये कोर्टाने तो काढून टाकला. नंतर मासिकाने ओझोनबद्दलही लिहिलं. २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. लक्षात घ्या, त्या यंत्राला धूळ पकडायचे पत्रे तरी होते. ताईंच्या यंत्रात तेही नाहीत.

त्यानंतर इथल्या हवा मंडळाने, ज्याला सगळे 'कार्ब' म्हणतात, नियम केला. घरात वापरायच्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रातून ओझोन ५० अब्जांशांपेक्षा जास्त निघता कामा नये. २०१० पासून चाचणी झालेलीच यंत्रं इथे विकता येतात, आणि त्या मॉडेलांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. भारतात घेताना मॉडेल क्रमांक त्या यादीत आहे का एवढं तरी पाहावं. पण ५० ही वरची मर्यादा आहे, तेवढं फुप्फुसाला चालतं असा त्याचा अर्थ नाही. शून्याच्या जवळ जितकं जाता येईल तितकं बरं.

२०२० च्या सप्टेंबरात वणव्यांच्या धुराने इथलं आकाश भरदुपारी नारिंगी झालं होतं. तेव्हा दुकानांतून सगळे प्युरिफायर संपले. आम्ही चौकोनी पंख्याला फिल्टर टेपने चिकटवून रात्र काढली. त्याच वर्षी कोर्सी आणि रोझेन्थाल या दोघांच्या नावाने चार-पाच फिल्टरांचा खोका प्रसिद्ध झाला, तो याच कल्पनेची सुधारलेली आवृत्ती. दिसायला ओबडधोबड, पण धूळ फिल्टरमध्ये अडकलेली डोळ्यांना दिसते.

आंबोलीचा_पाऊस | १४ जानेवारी, सकाळी ११:३०

मला एक सांगा. आंबोलीच्या धबधब्याखाली उभं राहिलं की मन हलकं होतं, ते ऋण आयनांमुळे असं म्हणतात. मग आयन वाईट की चांगले?

कोराडीकर | १४ जानेवारी, दुपारी १२:४५

धबधब्यापाशी ऋण आयन असतात हे खरं आहे. पाण्याचे थेंब फुटताना भार वेगळे होतात, लेनार्ड नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये ते दाखवलं. पण तिथे आयन पाणी फुटल्याने होतात, हजारो व्होल्टच्या ठिणगीने नाही, म्हणून ओझोनची भानगड नाही. आणि आंबोलीत आयनांबरोबर थंडावा असतो, हिरवं असतं, मोकळी हवा असते, कामावरून सुट्टी असते. सगळं श्रेय एकट्या आयनांना कसं द्यायचं?

सातपुडा | १४ जानेवारी, दुपारी २:०५

मनावर परिणामाचे अभ्यास झालेले आहेत. मी उगाच बोलत नाही.

श्वासाचा_डॉक्टर | १४ जानेवारी, रात्री ९:३०

झालेले आहेत, सातपुडा. हिवाळ्यात उन्हाअभावी येणाऱ्या नैराश्यावर जास्त घनतेच्या ऋण आयनांचा उपयोग झाल्याचं न्यूयॉर्कच्या टर्मन यांच्या चाचण्यांत दिसलं. २०१३ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नैराश्याच्या गुणांकात तो फरक दिसला, पण चिंता, झोप, मनाची स्वस्थता यांवर ठाम परिणाम दिसला नाही. तुमची झोप चांगली लागत असेल तर मला आनंदच आहे. कदाचित खोली शांत आहे, अंधार आहे, वेळ ठरलेली आहे.

पण २०१९ मध्ये बीजिंगच्या शाळकरी मुलांवर झालेला अभ्यासही वाचा. वर्गात आयनायझर लावले, कण कमी झाले, श्वासनलिकेची काही मापं सुधारली, आणि त्याच वेळी हृदयाच्या ठोक्यांच्या लयीतले बदल नको त्या दिशेने गेले. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने घेतलं. तुमचं वय मला माहीत नाही, पण पन्नाशीच्या पुढे असाल तर मला काळजी वाटते.

सातपुडा | १४ जानेवारी, रात्री १०:१०

५८. बीजिंगचा अभ्यास मला माहीत नव्हता. शोधून वाचतो.

शेवंती | १५ जानेवारी, सकाळी १०:००

विषय थोडा वळवते. भाजी धुवायचं ओझोनचं यंत्र आमच्याकडे आहे. खोक्यावर ताशी ४०० मिलिग्रॅम ओझोन असं अभिमानाने लिहिलंय. पाण्यात नळी सोडायची, बुडबुडे येतात. स्वयंपाकघरात वास भरतो. तेही धोक्याचं का?

कोराडीकर | १५ जानेवारी, सकाळी ११:२०

हिशेबच करू. आपल्याकडे बाहेरच्या हवेसाठी ओझोनची ८ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचाही ८ तासांचा आकडा तोच.

मुग्धाताईंच्या खोलीसारखी १० बाय ११ ची, साडेनऊ फूट उंचीची खोली साधारण ३० घनमीटर भरते. त्या मर्यादेला पोहोचायला अख्ख्या खोलीत ३ मिलिग्रॅम ओझोन पुरतो. मिठाचे पन्नासेक कण धरा, तेवढं वजन.

आता तुमचं यंत्र ताशी ४०० मिलिग्रॅम म्हणतं. पाव तासात १०० झाले. त्यातला बराचसा पाण्यात न विरघळता बुडबुड्यांतून वर येतो. दहावा भागच हवेत आला असं धरलं, तरी १० मिलिग्रॅम. स्वयंपाकघर १५ घनमीटरचं असेल तर घनमीटरला साडेसहाशेच्या वर, मर्यादेच्या सहापट. ओझोन भिंतींना, कपड्यांना लागून काही वेळात नष्ट होतो हे खरं, पण तुम्ही तर त्या भांड्यावर ओणव्या उभ्या असता.

एक्झॉस्ट लावून, खिडकी उघडून, यंत्र चालू करून बाहेर निघून या. नाहीतर वाहत्या नळाखाली भाजी चोळून धुवा.

शेवंती | १५ जानेवारी, सकाळी ११:४५

यंत्र माळ्यावर.

ऋतुजा_बाळंतीण | १५ जानेवारी, दुपारी ४:१५

गळ्यात घालायचं आयनायझर भेट आलंय, बाळासाठी. 'बाळाभोवती शुद्ध हवेचं कवच' असं लिहिलंय. काय करू?

श्वासाचा_डॉक्टर | १५ जानेवारी, रात्री ९:५०

बाळाच्या जवळ आणू नका, ऋतुजाताई. गळ्यातलं यंत्र म्हणजे ओझोनचा उगम नाकापासून वीतभर अंतरावर. बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा भरभर चालतो, वजनाच्या मानाने ते जास्त हवा आत घेतं. बाळाच्या खोलीत धूप नको, कॉइल नको, सिगारेट ओढून आलेल्या माणसाने लगेच उचलून घेणं नको. एवढं पाळलंत तर कुठल्याही कवचाची गरज नाही.

मालवणी_नितीन | १५ जानेवारी, रात्री १०:२०

डॉक्टर, कॉइलवरून आठवलं. माझ्या आजोळी संध्याकाळी दारं लावून प्रत्येक खोलीत कॉइल, आणि सकाळी सगळे खोकणार. आता मामाने हॉलमध्ये आयनायझर आणलाय, 'धुराचा त्रास नको म्हणून'. कॉइल चालूच आहे.

श्वासाचा_डॉक्टर | १५ जानेवारी, रात्री १०:५५

नितीन, २००३ मध्ये आशियातल्या कॉइल्सवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके. मामांना माझा निरोप द्या: यंत्र परत करा, त्या पैशांत मच्छरदाण्या आणि खिडक्यांना जाळ्या येतील. घरात धूर करायचा आणि मग तो पकडायला यंत्र आणायचं, हा प्रवास उलटा आहे.

धुळ्याचा_मेकॅनिक | १६ जानेवारी, सकाळी ८:१०

माझं फ्रिज, एसी, प्युरिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. कामातलं सांगतो.

एक, सुईवर किंवा ब्रशवर धूळ बसली की कधी कधी आतून बारीक 'चर्र' आवाज येतो. तसा आवाज आला की वासही वाढतो. ते यंत्र चालू ठेवू नये, आणि पिन काढल्यावर लगेच आत बोट घालू नये. झटका जीवघेणा नसतो, पण बसतो.

दोन, बऱ्याच चांगल्या हेपा (अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर) प्युरिफायरमध्येही आयनची सोय असते. कुठे बटणावर पानाचं चित्र असतं, कुठे 'प्लाझ्मा' लिहिलेलं असतं. काहींमध्ये ते बंद करता येतं, काहींमध्ये पंख्याबरोबर आपोआप चालू होतं. घेण्याआधी दुकानात विचारा: आयन वेगळा बंद होतो का? 'होतो' म्हणाले तर बंद करून दाखवायला सांगा.

तीन, आयनायझर असलेल्या खोलीत साधे रबरबँड ताणून ठेवले तर ते लवकर तडकतात. ही काही पक्की चाचणी नाही, पण गिऱ्हाइकाला पटवायला मला उपयोगी पडते.

देवकीनंदन | १६ जानेवारी, सकाळी ९:३०

पानाचं चित्र! आमच्या एसीवर आहे आणि मी ते तीन वर्षं इकॉनॉमी मोड समजून चालू ठेवत होतो. आत्ता बंद केलं.

रसायन_मास्तर | १६ जानेवारी, सकाळी ११:००

मेकॅनिकभाऊ, रबरबँडची गोष्ट वर्गात सांगायला हवी होती. नैसर्गिक रबरातल्या दुहेरी बंधांवर ओझोन थेट हल्ला करतो, ताणलेलं रबर म्हणूनच आधी तडकतं. टायरच्या रबरात त्याविरुद्ध रसायनं घालतात ती उगाच नाहीत.

मुग्धा_ठाणे | ८ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मंडळी, धागा वर आणते आहे, कारण काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

यंत्र बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वास नव्हता. भिंत आधी कोरड्या मऊ कापडाने पुसली, मग साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने. थेट ओलं फडकं लावलं तर काळं पसरतं, हे पहिल्या दोन हातांत कळलं. डाग फिका झाला, पूर्ण गेलेला नाही. चादरी, अभ्रे, पडदे सगळं धुतलं. पडद्यांचं पहिलं पाणी बघून सासूबाईच म्हणाल्या, 'हे सगळं माझ्या उशाशी होतं?'

लिंबाचं लिक्विड बंद केलं. साध्या पाण्यात थोडा साबण घालून लादी पुसतो, झाडू मारायच्या ऐवजी आधी ओलं फडकं. उदबत्ती देवघरात, खिडकी उघडून, एकच.

हेपा फिल्टरचा पंखेवाला प्युरिफायर घेतला. कोराडीकरकाकांच्या हिशेबाने ३० घनमीटरच्या खोलीला ताशी २०० घनमीटर हवा साफ करणारा, म्हणजे तासात सहा-सात वेळा हवा फिरते. आयनचं बटण वेगळं आहे, दुकानात बंद करून दाखवायला लावलं. आवाज होतो. पहिले दोन दिवस सासूबाईंनी तक्रार केली, आता म्हणतात पावसासारखा वाटतो.

खोकला कमी आहे. पण मी सगळं श्रेय यंत्र बंद करण्याला देणार नाही. याच काळात शेजारचं पाडकाम संपलं, आणि श्वासाच्या डॉक्टरांचं वाचून आम्ही आमच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा कळलं की सासूबाई इन्हेलर चुकीच्या पद्धतीने घेत होत्या, औषध घशातच राहत होतं. आता स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) लावून घेतात. कशामुळे किती फरक पडला ते सांगता येणार नाही, पण गेले नऊ दिवस त्या सलग झोपल्या आहेत.

जुन्या यंत्राचं काय करायचं यावर घरात चर्चा झाली. नवरा म्हणाला ऑनलाइन विकू. सासूबाई म्हणाल्या, ज्याच्या घरी जाईल तिथेही कोणी म्हातारं माणूस असेल. ई-कचऱ्याच्या गाडीत दिलं.

सातपुडा | ९ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

ताई, तुमचं वाचून बरं वाटलं. मी पांढरं फडकं फिरवलं भिंतीवर. काकांचं बरोबर होतं. गेले दोन आठवडे यंत्र बंद आहे, झोप तशीच लागते. तो प्युरिफायरचा फिल्टर किती दिवसांनी बदलायचा आणि केवढ्याला पडतो?

मुग्धा_ठाणे | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

माहितीपत्रकात वर्षभर लिहिलंय, पण आमच्याकडची धूळ बघता दुकानदार म्हणाला सहा-आठ महिन्यांत करडा झाला की बदला. दोन हजारांच्या आसपास. बाहेरच्या जाळीची धूळ मात्र दर रविवारी काढायची, ती मी गॅलरीत नेऊन काढते.